क्षपण

भद्रकालीच्या मागे, रात्रशाळेत,
दहावीचा वर्ग, पटावर अकरा जण.
सगळ्यात थोरला हिरामण तांबट, वय त्रेपन्न.
बाकात गुडघे मावत नाहीत म्हणून
आडवा बसतो, भिंतीला पाठ टेकून.
बोटांच्या चिरांत नवसागराचा पांढुरका थर.

मी फळ्यावर लिहिलं:
इलेक्ट्रॉन गमावणे म्हणजे ऑक्सिडीकरण,
इलेक्ट्रॉन मिळवणे म्हणजे क्षपण.
उतरवून घ्या, दोन मार्कांना येतं.

सगळ्यांनी माना घातल्या वह्यांत.
हा नाही.
"बाई, क्षपण म्हणजे झीज ना?
मग मिळतंय, तर झीज कशी?"

एकवीस वर्षं शिकवतेय.
कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.
उद्या सांगते, म्हटलं, आणि हजेरीत तोंड लपवलं.

दुसऱ्या दिवशी पिशवीतून मोरचूद नेलं,
दिंडोरीच्या भावाकडचं,
द्राक्षांवर मारून उरलेलं, गोणीच्या तळाशी खडा झालेलं.
पेल्यातल्या पाण्यात टाकलं
तशी पोरं उठून टेबलाभोवती आली.
शबाना म्हणाली, काय सुरेख निळं!
विष आहे, म्हटलं, हात मागे घे.

त्यात एक खिळा सोडला, घासून लखलखीत केलेला.
तेवढ्यात लाइट गेली.
कुणीतरी मोबाइलचा उजेड पेल्यामागे धरला.
आम्ही बसून राहिलो, बारा जण
एका खिळ्याकडे बघत.

आधी काहीच नाही.
मग तांबूस साय,
दुधावर धरते तशी, टोकापासून वर.
लोखंड आपलं सोडत होतं,
पाण्यातलं तांबं ते घेऊन अंगाला येत होतं,
आणि निळा रंग
कुणाच्या लक्षात न येता फिका होत गेला.

"म्हणजे घेणारा नसला," हिरामण म्हणाला,
"तर देणाऱ्यालाही देता येत नाही."
मी ते फळ्यावर लिहिलं नाही.
लाइट कुठे होती?

मग त्यानंच सांगितलं हंड्यांचं.
तांबट लेनमध्ये बायका हंडे घेऊन येतात,
काळे पडलेत म्हणतात.
चिंच लावली की लख्ख.
"पण बाई, ते काळं म्हणजे हंड्याचंच तांबं.
चिंच त्याला परत तांबं करत नाही,
मोरीतून वाहवते.
माझ्या आईचा हंडा असाच चमकवून चमकवून
कागदासारखा झाला.
भट्टीत कोळशासंगं घातला असता ना तो काळा चुरा,
तर तांबं परत आलं असतं."
हे त्याला कुणी शिकवलं, विचारलं.
हातानं, म्हणाला.

तेव्हा मला माझं उत्तर सापडलं.
जुन्या माणसांनी खनिज तोललं,
कोळसा घालून तापवलं,
धातू निघाला तो परत तोलला.
वजन घटलेलं.
त्यांना इलेक्ट्रॉन कुठे ठाऊक?
तराजूनं जे दाखवलं, त्याचं नाव पडलं क्षपण.

तो हसला.
"घटलं कुठं, उतरलं.
डोक्यावरची घागर उतरवावी, तसं."

पूर्वपरीक्षेत त्यानं तेच लिहिलं,
क्षपण: ऑक्सिजनचं ओझं उतरणे.
जुन्या पुस्तकांतली व्याख्या जवळजवळ हीच.
दोनपैकी दोन दिले.
शुद्धलेखनाचा अर्धा कापायचा होता,
कापला नाही.

तो खिळा मात्र त्यानं मागून घेतला होता,
शर्टाच्या वरच्या खिशात घालून गेला.
पुढच्या सोमवारी परत आणला,
रुमालात गुंडाळून.
तांबं जागोजाग खरवडलेलं,
आणि खरवडलं होतं तिथे
लालसर गंज, बोटाला लागणारा.
खिशाला डाग.

मी म्हटलं, हवेला दिलं त्यानं आता.
हिरामण खिळा उजेडात धरून
बराच वेळ फिरवत राहिला.

"हे तर देतच सुटलंय," म्हणाला.